उसनं

मालीमच्या धक्क्यावर पहाटे साडेतीनला ट्रॉलर लागतात
तेव्हा मी पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर जागी असते,
पडद्यावरचे हिरवे ठिपके बघत.

प्रत्येक बोटीचा एक एजंट.
बर्फाच्या कारखान्याचा एक,
कळंगुटच्या अकरा हॉटेलांचे अकरा,
बेळगावला जाणाऱ्या टेंपोचा एक, जरा हट्टी.
कुणालाच सगळं ठाऊक नाही.
बोटीला तिच्या पोटातला बांगडा माहीत,
टेंपोला चोर्ल्याचा घाट आणि डिझेल.
मधे मी फक्त एक ओसरी बांधली :
निरोप ठेवायला, निरोप उचलायला,
आणि उत्तर आलंच नाही
तर किती वेळ थांबायचं ते ठरवायला.

आधीचं सॉफ्टवेअर म्हणजे एकखांबी तंबू होता.
विसवणाचा भाव बदलला
की पगारपत्रक कोसळायचं.

एजंट म्हणजे काय गो, असं सगुण वळवईकरांनी विचारलं.
बेचाळीस वर्षं धक्क्यावर दलाली,
कानामागे पेन्सिल, खिशात खवल्याचा वास.
म्हटलं, म्हणजे तुम्हीच.
फक्त पाय नाहीत, आणि चहा लागत नाही.
"म्हणजे निर्गुण,"
आपल्याच नावावर ते खोकला येईपर्यंत हसले.

त्यांच्याच शेजारी क्रेटवर बसून मी नियम उतरवले होते.
आधी दवंडी : चार टन बर्फ हवा, कोण देतो?
मग बोली. मग नकार. नकारसुद्धा निरोपच असतो,
गप्प बसणं नव्हे,
हे पुस्तकात होतं, पण कळलं मला
सगुणबाबांनी एका हॉटेलवाल्याला
मान न हलवता नाही म्हटलं तेव्हा.

ऑगस्टातल्या एका रात्री बेतीची वीज गेली.
बर्फाचा एजंट मुका.
सांता रीता नावाच्या बोटीनं आठ सेकंद वाट पाहिली,
पुन्हा दवंडी दिली.
शिवोलीचा लहानसा कारखाना,
परवाच यादीत घातलेला, नवखा,
म्हणाला, देतो, दर दुप्पट.
बोटीनं घासाघीस करून दीडपट केला.
टेंपो म्हापशाहून मागे वळला.
सगळं मिळून चाळीस सेकंद. एकही फोन नाही.

सकाळी फुशारकीनं सांगितलं.
"कोणें सांगलें तांकां?"
कुणीच नाही, म्हटलं. तेच तर.
सगुणबाबांनी अंगठा ओला करून वहीचं पान उलटलं.
"मागीर हें रीण कोणाच्या नांवार?"
पैसे तर चुकते झाले, मी म्हटलं.
"पयशे वेगळे."

वहीच्या उजव्या पानावर रकमा.
डाव्या पानावर नुसती नावं :
लिगोरियो, रात्रीचा बर्फ, विचारलं नाही.
फटी, जाळं, दोन दिवस.
कुठेच आकडा नाही. काही नावं खोडलेली,
काही माणसं गेली तरी तशीच.

मी एक रकाना वाढवला.
किती, ते लिहिलं नाही. कधी फेडायचं, तेही नाही.
फक्त नाव : उसनं.

तीन आठवड्यांनी शिवोलीचा एजंट बिघडला.
सांता रीताला पडत्या दरात बर्फ, लागोपाठ तीनदा.
रात्री दोनपर्यंत चूक शोधत होते.
मग नोंदींत सापडलं :
सतरा तारखेला त्यांचा बर्फाचा ट्रक पंक्चर होता,
आणि ही बोट पाऊण तास थांबली होती,
दुसरीकडे बोली येत असताना
मागणी रद्द न करता.

तक्रार अजून उघडीच आहे माझ्याकडे.
साहेब विचारतात, दुरुस्त कधी होणार.

कागद घेऊन धक्क्यावर गेले.
सगुणबाबांनी तो लांब धरून वाचला,
चष्मा सापडेना, मग डोक्यावर सापडला,
पुन्हा वाचला.
वहीचं डावं पान उघडलं.
"नांव कितें ताचें?"
नाव नाही बाबा. एजंट सात.

पेन्सिल जरा वेळ हवेत थांबली.
मग लिगोरियोच्या खाली
त्यांनी एक सात काढला, ठळक,
आणि पुढे ओळभर जागा सोडली.