खाली लागतंय

नऊ दिवस ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या गव्हाला
पांढरे मोड आले, एकमेकांत असे गुंतले
की ओयदिननं अख्खा थर उचलला, गालिचा गुंडाळावा तसा.
हिरवा होऊ द्यायचा नाही. हिरवा झाला की कडू.
मार्गिलानमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कढई शरोफतची.
एवढी मोठी आमच्या गल्लीत दुसरी नाही,
म्हणून दर नवरोजला चूल तिच्याच अंगणात.
आणि म्हणूनच तीन वर्षं मी सुमालक खाल्लं
बाजारातलं, प्लास्टिकच्या डब्यातलं, साखर घातलेलं.
सुमालकात साखर घालणाऱ्याचे हात तोडावेत,
असं माझी सासू म्हणायची,
आणि चहात चार चमचे ढवळायची.

भांडण जर्दाळूच्या फांदीचं.
झाड तिचं, फांदी भिंतीवरून माझ्याकडे आलेली.
माझ्या नवऱ्यानं कापली. एवढंच.
पण फुलावर असताना कापली.

यंदा होसियतखाला दारात आली, काठी टेकत:
"हात कमी पडतायत. तुझे दोन घेऊन ये.
तोंड घरी ठेव."

गेले.

पोरांनी पाटातून एक्केचाळीस खडे वेचून आणले होते,
मोजताना तिनदा भांडले, सात पाण्यांनी धुतले.
कढईत टाकले तसा असा खडखडाट झाला
की बांधलेलं कोकरू दावणीला हिसके देऊ लागलं.
मग रात्रभर ते खडे तळाशी फिरत राहिले,
वरून घट्ट, पिवळट चीक, मग बदामी, मग विटकरी,
आणि वल्ह्याएवढा लाकडी डाव
एका बाईच्या हातून दुसरीच्या हातात.
कुणी डफ वाजवला, कुणी सुनांची उणीदुणी काढली,
मुकद्दसनं यकातेरिनबुर्गला फोन लावला,
तिच्या मुलानं बर्फ दाखवला, आम्ही त्याला वाफ दाखवली.
"मला बरणीभर ठेव," तो म्हणाला.
ट्रकवाल्याचा नंबर त्यानं आधीच शोधून ठेवला होता.

तीन वाजता सगळ्या कलंडल्या, गोधड्यांवर, एकमेकींवर.
शरोफतनंतर पाळी माझी.
डाव क्षणभरही थांबवायचा नसतो,
म्हणून तिचे हात सुटायच्या आत माझे हात दांड्यावर हवेत.
चार हात एकाच दांड्यावर, दोन फेऱ्या, कदाचित तीन.
तिची बोटं सुजलेली. अंगठी नव्हती.
कधीपासून नाही, मला माहीत नव्हतं.
भिंतीपलीकडचं एवढंही माहीत नव्हतं.

"खाली लागतंय," ती म्हणाली. "तळापासून घे."

तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.
मी तळापासून घेतलं.

वाटलं, आता जाऊन आडवी होईल.
ती चुलीपाशी उकिडवी बसली, लाकडं सारत राहिली,
लालसर गाभ्याची, नीट एका मापानं तोडलेली.
मी बघतेय हे तिनं बघितलं.
"तीच," ती म्हणाली. "वाळू दिली नीट.
जर्दाळू फार छान जळतो. धूर नाही करत."

मी काही बोलले नाही.
तोंड घरी ठेवून आले होते.

पहाटे कढई झाकली. उजाडल्यावर झाकण काढलं,
सगळ्या वाकल्या सायीवर काय उमटलंय ते बघायला.
होसियतखालाला पक्षी दिसला, तिला दर वर्षी पक्षीच दिसतो.
ओयदिनला पाळणा दिसला, आणि ती लाजली.
एका पोराला फुटबॉलचं मैदान दिसलं, कॉर्नरच्या झेंड्यासकट.
मला मात्र कालचं सगळं ढवळणं दिसलं, वर येऊन थिजलेलं.

निळ्या कापूसफुलांच्या वाडग्यात तिनं मला वाढलं,
काठोकाठ, वर एक डाव जास्तीचा.
पहिल्याच घासाला दाताखाली खडा आला.
खडा चाटायचा आणि मनात काहीतरी मागायचं, अशी रीत.
पण सुमालक इतकं गोड होतं, साखरेचा कण नसताना,
की मी आधी वाडगा चाटून पुसून संपवला,
आणि मागायचं राहिलंच.

खडा पदराला बांधून आणलाय.
वाडगा माझ्या ओट्यावर. तिचा आहे. परत द्यायचाय.
शेजारणीचं भांडं रिकामं देत नाहीत.
मघापासून फडताळ उघडून उभी आहे.
घरात देण्यासारखं एकच काही आहे, मुरंबा,
तोही जर्दाळूचा.