चौथं सत्र

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर
डोळे पुसणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही.
म्हणून चौथं सत्र मी इथेच उघडतो,
ताडपत्रीआड. आप्पाचा मोबाइल, सतरा टक्के.

'मागच्या पंधरवड्यात किती रात्री झोप लागली नाही?'
मी पथारीकडे बघून मोजतो:
मिरची ओली पसरली तेव्हापासून.
आता तर देठ खुडायला आली.

सहभागी क्रमांक दोनशे अकरा.
नाव विचारलं नाही, तेवढं बरं केलं.

शेवटी एक रिकामी चौकट,
'आणखी काही सांगायचंय?'
पुस्तकी मराठीत तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
मग घरात बोलतो तसं टाकलं:
रातले छातीवर कोनी तरी बठेल शे असं वाटस.

गोल फिरत राहिलं. गेलं.

बुधवारी उत्तर.
कुठल्या शहरातून, ठाऊक नाही.
'बठेल म्हणजे बसलेलं ना?
मला ही बोली येत नाही.
कोण बसतं, सांगशील?'

शेजारी सखुबाई ठसक्यानं बेजार,
खोकता खोकता हसत म्हणाली,
डोयाले हात लावू नको रे.

उजव्या हाताला तिखट होतं.
डाव्या अंगठ्यानं
एकेक अक्षर शोधत
लिहायला घेतलं.