लाभ

कळमन्याच्या मिरची बाजारात मी मापारी.
बारा वर्षं झाली काट्याशेजारी उभं राहून.
पोतं चढलं की आकडा माझ्या तोंडून निघतो
आणि अडते, शेतकरी, हमाल
सगळे तोच खरा मानतात.

पोरीचं वजन मात्र दुसऱ्याच कुणी सांगितलं.
एक हजार एकशे चाळीस ग्रॅम.
एवढं तर आमच्याकडे
रिकाम्या बारदान्याचं कापतात.

पायाला पट्टी : बेबी ऑफ विशाखा.
नाकात नळी. दर दोन तासांनी दूध,
चमच्याला लाजवील एवढंसं.
विशाखा वरच्या मजल्यावर, बीपी उतरत नाही,
ती येऊ शकत नाही.
तिचं दूध येतं, झाकलेल्या वाटीतून.

बाहेर सत्तेचाळीस. नागपूर तव्यावर.
आणि आत या पोरीला ऊब पुरत नाही म्हणून
पाळण्यावर दिवा तापवत ठेवलेला.
हे समजायला मला दोन दिवस लागले.

आठव्या दिवशी मडावी सिस्टर म्हणाली,
बाबा, हात धुवा, कोपरापर्यंत.
मालिश आता तुम्ही करायची.
मी म्हटलं, सिस्टर, माझे हात मिरचीचे आहेत.
ती हसली नाही.
म्हणाली, मग त्यांना सुट्टी द्या.

तीन दिवस मी तुरीच्या शेडमध्ये काढले.
ताकाने धुतले, राखेने घासले, खोबरेल चोळलं.
रोज रात्री मेडिकल चौकात टपरीपाशी उभा राहून
बोट स्वतःच्या डोळ्याला लावून पाहायचो.
पहिल्या रात्री आग. दुसऱ्या रात्री थोडी कमी.
काऊन जी भाऊ, टपरीवाला म्हणाला,
रोज डोळ्यात बोट घालता?
तिसऱ्या रात्री डोळा थंड राहिला.
त्याला मी दोन चहाचे पैसे दिले, प्यालो एकच.

मुंगी चालल्यासारखा हात नको, सिस्टर म्हणाली,
गुदगुल्या होतात, चिडते ती. दाब द्या.
किती?
मिटल्या पापणीवरून बोट फिरवता ना,
तेवढा.
तेवढा मला पाठ होता.

डोक्यावरून मानेकडे. मानेवरून खांदे.
पाठीवर माझी दोनच बोटं मावतात,
तिसरं उगाच हवेत.
मग पाय : दुमडा, सरळ करा, दुमडा.
वरचा आकडा एकशे बहात्तर होता,
उतरत उतरत एकशे पन्नासवर येऊन बसला.
मूठ उघडली तिने.
आत काही नव्हतं. मी तरी पाहिलं.

पोटाची नस जागी होते, सिस्टर सांगते,
दूध अंगी लागतं. झोप खोल लागते.
मग थोडं थांबून,
सगळ्यांचं सारखं नसतं, बाबा.

बाजूच्या पाळण्यातला मुलगा रविवारी नव्हता.
त्याची आई तर रोज तेल लावायची,
माझ्याहून चांगलं.
तिचा पदर सुईने टाचलेला असायचा,
तेलात बुडू नये म्हणून.

पहिला दिवस : होतं तेवढंच.
दुसरा : दहा ग्रॅम तूट.
काटा शून्यावर आणला होता का, मी विचारलं.
सिस्टरने माझ्याकडे असं पाहिलं
जसा मी पाहतो
काट्यावर शंका घेणाऱ्या माणसाकडे.
मी गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे
तिने पोरीला उचलून ठेवलं, नळी हाताने तोलून धरली,
आकडा थरथरला, थांबला.
अकराशे पासष्ट.

आमच्या धंद्यात पहिल्या मापाला
एक म्हणत नाहीत.
मी मास्कच्या आत म्हटलं.

काय म्हणालात?
काही नाही, सिस्टर.

वर जाऊन विशाखाला सांगायचं होतं.
जिन्यात आधी हात हुंगले.
नुसतं खोबरेल.

दोन उद्या म्हणेन.