दोनशेत तीन

मासेमारीची बंदी एकतीस जुलैला रात्री बारा वाजता सुटते.
ही तारीख आमच्या ऑफिसात ठरत नाही,
म्हणून ढकलताही येत नाही.

बेतीला, हार्डवेअरच्या दुकानावर, दोन खोल्या.
खिडकीतून मालिमची जेटी,
आणि एकसष्ट दिवस ताडपत्रीखाली बसलेले ट्रॉलर.
मी टेस्टर. दुसऱ्यानं जुळवलेलं
मोडतं का बघायचं, याचा पगार मिळतो.

ऍप साधं होतं. नकाशा, आणि त्यावर हिरवा ठिपका:
तुमचा माणूस इथे आहे.
मी दोनशे वेळा नेटवर्क तोडलं, पुन्हा जोडलं.
एकशे सत्त्याण्णव वेळा ठिपका खरं बोलला.
तीनदा
ट्रॉलर नऊ मैल आत
आणि ठिपका जेटीवर,
हिरवागार,
जेवून झोपलेला.

प्रज्योत म्हणाला, दीड टक्का.
मी म्हटलं, ट्रॉलरवर नऊ जण असतात,
त्यांच्यातला दीड टक्का कुठला?
तो काही बोलला नाही. दोन रात्री घरी गेला नव्हता,
गालावर बाहीची शिवण उमटलेली.
विभावरी मॅडमनी पगाराची वही मिटली, पुन्हा उघडली.
त्या दुष्ट नव्हत्या. तसं असतं तर सोपं गेलं असतं.

मग मिलाग्रिस आली, तीन ट्रॉलरांची मालकीण,
छत्री जिन्यातच झटकून.
गेल्या सप्टेंबरात तिचा भाचा दोन रात्री सापडत नव्हता.
तेव्हा बघायला खोटा ठिपकासुद्धा नव्हता.
म्हणाली, "कांयच नाशिल्ल्यापरस अर्दें बरें."

हे माझ्या कुठल्याच टेस्टमध्ये नव्हतं.

दुपारी जेटीवर गेले. पुर्सो मेस्त
फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकत होता, राळेचा वास.
विचारलं, हे पुरं झालं, असं कधी कळतं?
त्यानं हातोडी थांबवली नाही.
"उदक येना अशें व्हडें हांवें पळोवंक ना.
उसपुपाक डबो आसा काय ना, तें पळय."

वर आले आणि प्रज्योतला म्हटलं, हिरवा रंग काढ.
ठिपका राखाडी कर,
खाली लिही: ही जागा इतक्या मिनिटांपूर्वीची.
चूक तिथेच राहू दे,
तिला फक्त आपलं वय सांगू दे.

एवढ्यालाही दोन दिवस लागले.
ट्रॉलर आमच्याशिवाय निघाले, बाराच्या ठोक्याला,
फटाके, डिझेल, कुणाचा तरी नारळ.
त्या दोन रात्री मी जेटीवर शाळेची वही घेऊन बसले.
नंबर, निघाल्याची वेळ, तांडेलाचं नाव.
एक्केचाळीस ओळी.
पावसानं सतरावी पुसली. ती मी आठवून लिहिली,
आणि अजूनही खात्री नाही
बरोबर आठवली का.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिलीज.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विभावरी मॅडमनी
भाजी-पाव मागवला, तोही गार आला.

ऑगस्टच्या अकराव्या रात्री
एका ठिपक्याखाली चाळीस मिनिटं होती,
मग दोन तास,
मग सहा.
राखाडी, पण घरी आल्याचं सोंग करत नव्हता.
मिलाग्रिसनं शेजारच्या ट्रॉलरला वायरलेस लावला.
मी खुर्चीतच बसून राहिले,
माझ्या हातून झालेला उशीर मोजत,
मग न झालेला.

पहाटे कळलं, फोन बर्फाच्या खणात पडला होता,
बांगड्यांच्या खाली.
नऊही जण हसत होते म्हणे.
मला हसायला दुपार उजाडली.

यादीत ती चूक अजून उघडी आहे, नंबर एकशे चौऱ्याहत्तर.
प्रज्योत रोज संध्याकाळी तासभर तिच्यामागे असतो.
मी नेटवर्क तोडते, जोडते.
दोन हजारांवर आलेय.
एकतीस.