पाऊण मिलिमीटर

पल्वाच्या डेअरीत पहाटे साडेचारला
बॉयलर पेटायचा, आणि आमचं यंत्र
दुधाचे कॅन मोजता मोजता बरळायचं:
एकोणीस, वीस, सहाशे बावन्न.

बाहेर उणे एकवीस. आत मी, हेल्मी,
आणि वासराच्या वजनाचा ऑसिलोस्कोप,
दोघींनी जिन्यावरून ओढत आणलेला.
पडद्यावर हिरवी रेघ. रेघ ठणठणीत.

आधी वीजपुरवठा बदलला. मग मेमरी.
मग प्रोग्राम लिहिणाऱ्या आर्वोला उठवलं;
तो रडवेला होऊन कागदाच्या भेंडोळ्यावर
तीन रात्री एकेक ओळ बोटानं चाचपत बसला.
आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

चौथ्या रात्री हेल्मीनं पेन्सिल उलटी धरली
आणि रबराच्या टोकानं प्रोसेसर
कोपऱ्या-कोपऱ्यात दाबून पाहिला,
दाई पोट दाबून पाहते तसा.
शेवटच्या कोपऱ्याला आकडा उडाला.

चाळिसावा पाय. पत्त्याची अकरा क्रमांकाची तार.
धड शून्य नाही, धड एक नाही. त्रिशंकू.
बॉयलरचा पंप थरथरला की पाय सुटायचा,
आणि प्रोसेसर दोन हजार अठ्ठेचाळीस घरं चुकून
भलत्याचंच दार वाजवायचा:
किती कॅन झाले हो?
तोही बिचारा काहीतरी सांगून टाकायचा.

दोष सॉकेटचा होता. सॉकेट माझं.
सोन्याचा मुलामा दिलेलं, मावशीनं हेलसिंकीहून
कोटाच्या अस्तरात शिवून आणलेलं.
किती मिरवत झाळलं होतं मी ते!
भोकं इंचाच्या हिशोबाची.
चिप कीवच्या कारखान्यातली, मीटरवाली.
दर दोन पायांमध्ये फरक
मिलिमीटरच्या शंभर भागांतले चार.
पहिल्या पायाला कळत नाही, पाचव्याला कळत नाही,
विसाव्यापाशी पोचेस्तोवर पाऊण मिलिमीटर.
बोर्डावर बसवताना सॉकेटचे पाय
मी पकडीनं वाकवले होते.
तेव्हाच कळायला हवं होतं.

हेल्मी रागावली नाही. "उपट," एवढंच म्हणाली.
चिप थेट बोर्डावर झाळली, श्वास धरून,
चाळीस डाग.

साडेचार. पंप थरथरला.
आम्ही यंत्राबरोबर मोठ्यानं मोजत होतो:
एकोणीस, वीस,
एकवीस.
आर्वो भेंडोळ्यावर डोकं टेकून घोरत होता,
त्याला कुणी उठवलं नाही.

ते सॉकेट माझ्या शिवणाच्या डब्यात आहे अजून.
सुया टोचून ठेवते त्यात.
सुयांचं काही म्हणणं नसतं.