परतीची तार

नॉर्समनच्या पुढे बावीस किलोमीटर,
रस्ता तांबडा, टायर तांबडे, कुत्रंसुद्धा तांबडं.
झोर्का विडुलिच फाटकाशीच उभी होती,
पायात पुरुषी गमबूट.
म्हणाली, नळाला हात लावला की मुंग्या येतात.
मग जरा थांबून,
चहाची किटली लावली की जास्त.

एकोणीस वर्षं मी हेच करते,
लोकांच्या भिंतीतलं झाकण उघडून आत बघते.
आंतेचा स्विचबोर्ड मागच्या व्हरांड्यात.
झाकणाच्या आत पेन्सिलीनं, त्याच्या गावच्या भाषेत,
स्वयंपाकघर, शेड, पंप,
आणि एका फ्यूजखाली नुसतं तिचं नाव.
"माझ्या शिवणयंत्राचा दिवा," ती म्हणाली,
आणि बुटांकडे बघत राहिली.

चिनी मातीचे फ्यूज. आठ अँपिअरच्या जागी
आठच अँपिअरची तार.
इकडे बऱ्याच घरांत तिथे कुंपणाची तार निघते,
एकदा खिळा निघाला होता.
आंतेनं तसली लबाडी केलेली नव्हती.

शेजारी सेफ्टी स्विच, नवा, पांढरा, गप्प.
तो गप्पच राहणार. कारकुनाची जात.
जितकं गेलं तितकं आलं, की वही मिटली.
बोर्डापर्यंत आलेलं पुढे कुठल्या वाटेनं जातं
हे त्याला कुणी विचारायला शिकवलेलं नाही.

मी मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसला,
मीटरचं एक टोक त्याला, एक नळाला.
नऊ व्होल्ट. फ्रिज चालू होता.
किटली लाव, म्हटलं.
सेहेचाळीस.

न्यूट्रल तुटला होता, वर, खांबावर.
त्याला तटस्थ म्हणणाऱ्यांनी
तो कधी हातात घेतलेला नसणार.
काठावर कसला उभा राहतोय तो?
दिवे, पंप, किटली, सगळ्यांचं उष्टं
अंगावर घेऊन तोच माघारी जातो.
तो तुटला की परतीचं सगळं
बोर्डातल्या पितळी पट्टीवरून अर्थिंगला भिडतं,
आणि घरातला प्रत्येक धातू
थोडा थोडा जिवंत होतो.

पूर्वी ते रस्त्याखालच्या लोखंडी पाइपातून
चोरपावलांनी निघून जात असेल, कुणास ठाऊक किती वर्षं.
मागच्या हिवाळ्यात पाइप प्लास्टिकचा झाला.
उरला एक रॉड, व्हरांड्याच्या कोपऱ्यात,
जिरेनियमच्या कुंडीमागे,
सुकून भेगाळलेल्या मातीत.

"तिथे तो रोज भांड्यांचं पाणी ओतायचा," ती म्हणाली.
"मला वाटायचं, फुलांसाठी.
फुलं तर कधीच मेली. तरी ओतायचा."
आंते मार्चमध्ये गेला.
मार्चपासून बादली उपडी.

मी म्हटलं, बाई, यानं माणूस मरतं.
"म्हणून तर त्याचे बूट."
मग, भांडी आवरता आवरता, पाठमोरी,
"रविवारी एक काढते.
एक बोट नळाला. एकच.
तेवढंच."

मी मीटरची वायर गुंडाळत राहिले. खूप वेळ.

केलेपी दोन तासांनी आला, बकेटमधून वर चढला,
क्लॅम्प उघडला तर आत हिरवी भुकटी.
फुंकर मारून हसला, म्हणाला, हा तर नुसता सवयीनं धरून होता.
मी नवा रॉड ठोकला, खोल,
हाताला ओल लागेपर्यंत नाही, तेवढी ओल इथे नाहीच,
पण आकडा बसेपर्यंत.
पितळी पट्टीचे स्क्रू आवळले. झाकणाच्या आत
आंतेच्या अक्षराखाली आजची तारीख घातली.

किटली उकळत होती.
झोर्कानं दोन्ही बूट काढले,
ओल्या फरशीवर उभी राहिली,
अख्खा पंजा नळावर ठेवला.
वाट पाहिली.
"नुसता नळ," ती म्हणाली.

चहा चांगला होता. साखर जास्त.

गाडी वळवताना आरशात दिसलं,
अनवाणी ती, हातात बादली, कोपऱ्यातल्या मातीवर ओणवी.
आता गरज नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं होतं.
खरं म्हणजे थोडी असतेच.