पोच

ग्रीक नाटकात मरण रंगमंचावर येत नाही.
ते बाहेर कुठेतरी होतं,
मग एक माणूस धापा टाकत आत येतो.
तो माणूस मी.
लष्करच्या मराठी मंडळात अकरा वर्षं
राजाराणीची कामं वकील-मास्तरांच्या घरात,
निरोप माझ्याकडे.
कारण उघड होतं: बाड्यावरच्या पोस्टात
मी तारा वाटायचो.

दिघे सर तालमीत ओरडायचे, छाती पिटा, लोंढे, कोसळा!
मी म्हणायचो, सर, असं कुणी सांगत नाही.
सायकल भिंतीला लावायची, पडू द्यायची नाही.
दारापासून दोन हात लांब उभं राहायचं.
आधी नाव विचारायचं, मग कागद.
आणि पावतीवर सही घेताना
त्या हाताकडे बघायचं नाही.

सरांनीच एकदा सांगितलं,
नायकाच्या चुकीला ग्रीकांचा जो शब्द आहे
तो म्हणे तिरंदाजीतलाही: नेम हुकणं.
पाप नव्हे. बाण चांगल्याच हातून सुटतो,
जरासा बाजूला लागतो.
आम्ही माना डोलावल्या. चहा गार झाला होता.

पौषातला शनिवार.
दौलतगंजच्या सभागृहात शेगड्या ठेवलेल्या,
पुढच्या रांगेत गजक कडकडत होती.
ड्यूटी संपता संपता शेवटची तार आली, झाशीहून:
कालिंदी मुळ्ये, मार्फत नाट्यमंडळ.
तारबाबू सक्सेनांनी पाकीट चिकटवण्याआधी
मला मजकूर वाचू दिला.
वडील अत्यवस्थ. ताबडतोब निघा.
तारेत अत्यवस्थ म्हणजे गेलेलेच असतात,
लोक तसंच लिहितात. माझा अनुभव होता.

कालिंदीबाई आमच्या राणी.
मी पोचलो तेव्हा मुकुट बसवत होत्या,
दातांत टाचण्या. तशाच हसून म्हणाल्या,
"आज तरी खरं वाटेल असं सांगा हो."
झाशीची गाडी दहा वाजून दहाला.
खेळ साडेआठला, चारशे तिकिटं.
मी ठरवलं असं काही नाही.
एवढंच वाटलं, की अजून तीन तास
बाईंना कुणाची तरी लेक असू द्यावं.
खाकी कोटावरच मी निरोप्याची कांबळी चढवली.

तिसऱ्या अंकात आत गेलो,
छातीशी एक निरोप, ओठांवर दुसरा.
"राणी, समुद्रानं तुझा मुलगा परत दिला नाही."
समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता.
मी कोसळलो नाही. दोन हात लांब उभा राहिलो.
एक शेगडी तडतडली, बस्स.
स्टेशनाकडून शिटी आली
ती या वाक्याआधी की नंतर,
मला आजही सांगता येत नाही.
सरांनी विंगेत मिठी मारली: आज जमलं, लोंढे!

रंग न पुसताच त्यांनी तार वाचली.
"कधी आली ही?"
आडून वाक्य पुरवणारे बापू घरी गेले होते.
मी म्हणालो, "आत्ताच."
अकरा वर्षांत मी स्वतः रचलेला एवढाच संवाद.
त्यांनी सही केली. वेळेच्या रकान्यात
मी लिहिलं, बारा वाजून पाच.
तारेच्या माथ्यावर पोस्टाचा शिक्का असतो
आणि शिक्क्यात वेळ असते,
हे रोज शाई लावणारा मी
नेमकं तेव्हाच विसरलो.

वडील पहाटे साडेचारपर्यंत होते.
दाराकडे बघत होते, असं नंतर कळलं.
बाई पोचल्या उजाडून गेल्यावर.

त्या कधीच काही बोलल्या नाहीत.
पुढच्या पौषात तेच नाटक लागलं, तीच राणी.
मी धापा टाकत आत शिरलो.
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.
कांबळीखालच्या खिशाकडे बघत,
माझं वाक्य यायच्या आधीच,
संहितेत नसताना,
तिनं हात पुढे केला.